घरी परतायचे टायर

फाटकाजवळच्या पार्किंगमध्ये सगळे गाड्या बघतात, मी टायर बघते. गाडीचा रंग, सायलेन्सरचा आवाज, मागे लावलेला पंख यांवरून मालकाला स्वतःबद्दल काय वाटतं ते कळतं. टायरवरून तो संध्याकाळी घरी कसा जाणार आहे ते कळतं.

हे फाटक जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात, न्यूरबुर्ग गावाजवळ आहे. आतला रस्ता म्हणजे नॉर्डश्लाइफे. १९२७ साली सुरू झालेला, २०.८ किलोमीटरचा, जंगलातून सुमारे तीनशे मीटर चढत-उतरत जाणारा ट्रॅक. शर्यती किंवा कंपन्यांच्या चाचण्या नसतील तेव्हा तो तुमच्या-आमच्यासाठी उघडतात, आणि त्या वेळात कायद्याच्या दृष्टीने तो एकेरी वाहतुकीचा टोल रस्ता असतो. नंबरप्लेट असलेली गाडी, लायसन्स आणि तिकीट एवढं पुरतं. ओव्हरटेक फक्त डावीकडून, वाहतुकीचे नियम लागू, आणि फेरीची वेळ मोजायला मनाई. शर्यतीचे पूर्ण गुळगुळीत स्लिक टायर चालत नाहीत. म्हणजे ज्या चार टायरवर घरून आलात त्यांच्यावरच फेरी मारायची आणि त्यांच्यावरच परत जायचं.

मी कोब्लेंट्झला राहते, इथून तासाभराच्या अंतरावर. नोकरी ब्रेकच्या चाचण्यांची, त्यामुळे टायरशी रोजची गाठ. माझा भाचा सांगलीहून आखनला शिकायला आला, तिथेच नोकरीला लागला आणि थोडे पैसे साठल्यावर त्याने सेकंडहँड माझदा एमएक्स-५ घेतली. दोन सीट, कापडी छत, दोन लिटरचं इंजिन, वजन हजार किलोच्या थोडं वर. आधीचे टायर संपत आले होते. फोनवर पहिलंच वाक्य, “मावशी, सेमी-स्लिकच घेऊ ना?”

सेमी-स्लिक म्हणजे जेमतेम नक्षी असलेला, रस्त्यावर कायदेशीर, पण मनाने ट्रॅकवरचा टायर. मिशलिनचा पायलट स्पोर्ट कप २, टोयोचा प्रॉक्सेस आर८८८आर, नानकांगचा एआर-१ ही त्यातली ओळखीची नावं. २०२१ मध्ये आलेल्या पॉर्शच्या ९११ जीटी३ने हा ट्रॅक सात मिनिटांच्या आत पूर्ण केला तोही अशाच जातीच्या, कप २ आर नावाच्या टायरवर. हे आकडे भाच्याला तोंडपाठ होते. त्याला म्हटलं, आधी रबर पकडतं कसं ते समजून घे.

डांबराचा रस्ता दिसतो तेवढा सपाट नसतो. खडीची बारीक टोकं वर आलेली असतात आणि वजनाखाली रबर त्यांच्याभोवती दबतं. चाक पुढे सरकतं तेव्हा ते रबर पूर्ववत होऊ बघतं, पण जरा उशिरा. या उशिरामुळेच घसरण्याला विरोध होतो. शिवाय रबर रस्त्याच्या अगदी जवळ जाऊन त्याला चिकटतंही. दोन्हींत ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. म्हणून पकड आणि उष्णता या दोन गोष्टी कधी वेगळ्या निघत नाहीत. रबराचं प्रत्येक मिश्रण ठरावीक तापमानातच नीट वागतं. रस्त्यावरच्या टायरला थंडगार सकाळी, ओल्या चौकात, पहिल्या ब्रेकलाच पकडायचं असतं. सेमी-स्लिकचं रबर साठ-सत्तर अंशांच्या पुढे जागं होतं. त्याच्या आत ते नुसतं कडक असतं.

मग ते तापवायचं कुणी? दीड टनाची, पाचशे अश्वशक्तीची गाडी दोन-चार वळणांत तापवते. उलट अशा गाडीला साधा टायर घातला तर तोच बिचारा उकळून निघतो, नक्षीचे ठोकळे कडेने फाटतात आणि पकड जाते. तिच्या मालकाने कप २ घेतला तर मी काही बोलणार नाही. पण हजार किलोची माझदा टायरला तेवढा त्रासच देत नाही. आयफेलमधल्या एप्रिलच्या सकाळी तिच्यावरचा सेमी-स्लिक अर्धी फेरी कोमटच राहतो. आणि या ट्रॅकवर अर्धी फेरी म्हणजे दहा किलोमीटर, त्यात फुक्सरोरेचा खोल उतारही आला आणि १९७६ साली शर्यतपटू निकी लाउडांची गाडी जिथे पेटली ती बेर्गवेर्कजवळची जागाही.

पावसाची गोष्ट आणखी सरळ आहे. टायरच्या खाचा पकड वाढवण्यासाठी नसतात, पाणी बाहेर काढण्यासाठी असतात. कोरड्या रस्त्यावर खाचा उलट नडतात, कारण नवी उंच नक्षी वळणात जाड गादीसारखी हलते. म्हणून सेमी-स्लिकमध्ये खाचा कमी आणि उथळ ठेवतात. नव्या साध्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर असते, सेमी-स्लिकची पाच-सहा. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर, इथेही आणि भारतातही. दोन-चार वेळा ट्रॅकवर गेलेला सेमी-स्लिक कायद्यात बसतो, पण साचलेल्या पाण्यात तो रस्त्याला टेकतच नाही, पाण्यावरून तरंगत जातो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

आयफेलमध्ये पाऊस हा अपवाद नाही. ट्रॅकच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला धुकं हे नेहमीचंच. १९६८ ची जर्मन ग्रां प्री इथेच पावसात आणि धुक्यात झाली. जॅकी स्ट्युअर्ट ती चार मिनिटांहून अधिक फरकाने जिंकले. मनगट जखमी असताना. त्यांचं कौशल्य वादातीत आहे, पण पायाखाली डनलपचे उत्तम पावसाळी टायर होते हेही तितकंच खरं. या ट्रॅकला ‘हिरवा नरक’ म्हणणारेही तेच. ओल्यात आणखी एक गंमत होते. कोरड्यात जी रेघ सगळ्यात वेगवान, तिच्यावर वर्षानुवर्षांचं रबर घासून बसलेलं असतं आणि पाणी पडलं की तीच सर्वांत निसरडी होते. जाणकार मग मुद्दाम बाहेरून जातात.

पण माझ्या लेखी निर्णायक मुद्दा यांपैकी एकही नाही. मला टायरने सांगायला हवं. चांगला रस्त्यावरचा टायर हद्दीजवळ आला की कण्हू लागतो, मग ओरडतो, पुढचं टोक हळूहळू बाहेर सरकू लागतं. पकड सुटते ती टप्प्याटप्प्याने. सेमी-स्लिकची हद्द वर असते, पण तिथे पोचेपर्यंत तो बहुतेक गप्पच असतो आणि त्यानंतर सुटतो तो एकदम. वेगही तेव्हा जास्त असतो. नॉर्डश्लाइफेवर चूक झाली तर थांबायला मोकळी जागा फारशी नाही, लगेच लोखंडी कठडा. त्या कठड्याचं बिल चालकाला येतं आणि इथल्या बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये हा ट्रॅक वगळलेला असतो. शिकणाऱ्याने बोलका टायर घ्यावा. भाचा म्हणाला, “म्हणजे हळू जाणारा टायर.” मी म्हटलं, हो, पुढची दोन वर्षं तरी.

आमच्या घरी सांगलीला फियाट होती. तिचे टायर रिमोल्ड करून वापरायचे, आणि ‘अजून किती चालतील’ हा एकच प्रश्न विचारला जायचा. बाजूच्या भिंतीवरचं कुणी वाचत नसे. खरं तर सगळं तिथेच लिहिलेलं असतं. भाच्याच्या गाडीचं माप २०५/४५ आर १७, ८४डब्ल्यू. रुंदी २०५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे नऊ सेंटिमीटर, आणि रिम सतरा इंची. ८४ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरवर ५०० किलो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत. गाडीच्या कागदांत असेल त्याहून कमी भाराचा टायर घ्यायचा नाही, आणि वेगळं माप घातलं तर इथे त्याची रीतसर मंजुरी लागते. भिंतीवरच्याच ‘डीओटी’ अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. सवलतीत मिळणाऱ्या टायरवर मी आधी तेच बघते.

ट्रेडवेअर नावाचा अमेरिकन आकडाही असतो. मिशलिनच्या रस्त्यावरच्या पायलट स्पोर्ट ४एसवर ३००, टोयोच्या आर८८८आरवर १००. ढोबळमानाने आकडा लहान तितकं रबर मऊ आणि आयुष्य कमी. पण तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एका कंपनीच्या दोन टायरांत तुलना करावी, दोन कंपन्यांत फार विश्वास ठेवू नये. युरोपच्या लेबलवरचं ओल्या रस्त्याचं अक्षर कामाचं आहे, पण ते मुख्यतः सरळ रेषेत ब्रेक मारून ठरतं. तिसऱ्या फेरीत तापलेला टायर कसा वागेल हे त्यावर कुठेच नसतं.

हवेकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि ती तर फुकट आहे. एमएक्स-५च्या दाराच्या चौकटीवर २.० बार लिहिलेलं असतं, थंड टायरसाठी. टायरमधली हवा दहा अंशांनी तापली की दाब साधारण ०.१ बारने वाढतो. ट्रॅकवर चाळीस अंशांची वाढ सहज होते, म्हणजे २.४ बार. टायर मधोमध फुगतो, टेकणारा भाग कमी होतो, गाडी उड्या मारू लागते. म्हणून फेरीनंतर लगेच, गरम असतानाच, दाब मोजून थोडी हवा सोडतात. किती सोडायची ते कळायला मी टायरच्या खांद्यावर खडूने रेघ मारते. फेरीनंतर खडू भिंतीवरही पुसला गेला असेल तर टायर फार आडवा होतोय, हवा कमी पडते. खांद्यावरचा खडू तसाच राहिला तर हवा जास्त. यंत्राशिवाय इतकं प्रामाणिक उत्तर दुसरं मिळत नाही. मात्र परतताना, हायवेला लागण्याआधी, हवा पुन्हा भरायची. गरम असताना हवा सोडलेला टायर सकाळी थंड झाला की १.७-१.८वर आलेला असतो. तशा टायरवर ऑटोबानला ताशी दीडशेने जाणं हे ट्रॅकवरच्या कुठल्याही वळणापेक्षा धोक्याचं. नायट्रोजन भरल्याने हे टळत नाही. तोही हवेइतकाच फुगतो. त्याचा फायदा एवढाच की तो कोरडा असतो.

माझ्या धंद्यातलं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. पकड वाढली की ब्रेकही जास्त जोरात मारता येतात आणि तितके जास्त तापतात. डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली आर्द्रता शोषतं आणि मुरलेल्या पाण्यासकट ही हमी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की पेडल थेट जमिनीला. महागडे टायर आणि चार वर्षांचं ब्रेक ऑइल अशी गाडी पार्किंगमध्ये दिसली की मी तिच्या पुढे निघते.

दोन सेट ठेवणं हा श्रीमंती उपाय वाटतो, पण इथे सगळ्यांकडे दोन सेट असतातच, उन्हाळी आणि हिवाळी. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी, असा रिवाज आहे. बर्फात डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेले टायर कायद्याने लागतात. ट्रॅकसाठी तिसरा सेट करायचा तर तो घरून कसा न्यायचा? एमएक्स-५मध्ये स्टेपनीलाही जागा नाही, कंपनी नुसतं पंक्चरचं किट देते. ट्रेलर ओढणारी दुसरी गाडी असेल त्यांनी खुशाल करावा.

भाच्याचा पुण्यातला मित्रही याच चिंतेत आहे. त्याची पोलो जीटी, चाकणला बनलेली, आणि त्याला कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जायचं आहे. तिथलं गणित उलटं. ट्रॅक २.१ किलोमीटरचा, हवा गरम, त्यामुळे टायर तापवायची चिंता नाही, थंड ठेवायची आहे. साधा टायर तीन-चार जोरदार फेऱ्यांत ढिला पडतो, मग एक फेरी सावकाश मारून त्याला श्वास घेऊ द्यायचा. आणि तिथे पोचायला हजाराहून जास्त किलोमीटर, खंबाटकी घाट ओलांडून. जुलैत सेमी-स्लिकवर तो घाट मी उतरणार नाही. शिवाय २०२०पासून भारतात टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, भारतीय मानक ब्यूरोचं (बीआयएस) प्रमाणपत्रही लागतं, त्यामुळे निवड आपोआप मर्यादित होते. त्याला म्हटलं, तिथे मिळणारा चांगला, ताजा, रस्त्यावरचा टायर घे, चारही सारखे, आणि अलाइनमेंट करून घे. खड्ड्यांसाठी भिंत जरा उंच असलेली बरी.

आखनच्या दुकानात आम्ही मिशलिनचे रस्त्यावरचे पायलट स्पोर्ट ५ घेतले, त्याच मापाचे, ८८वायचे, म्हणजे भार आणि वेग दोन्हींत ८४डब्ल्यूच्या वरचे. दुकानदाराने सेमी-स्लिकही दाखवले. भाच्याने त्यांच्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं, मी पावती लिहायला सांगितलं. नवा टायर साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंश त्याच्यावर राहतो, तेव्हा पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवायचे. येता रविवार ट्रॅकचा नाही, आयफेलच्या साध्या रस्त्यांचा. पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे आहेत, तो रेंच माझ्याकडे आहे आणि तो घ्यायला त्याला कोब्लेंट्झला यावंच लागेल.