लिहायचे सुवर्णभूमी, म्हणायचे सुवन्नफूम

बँकॉकला उतरलेला मराठी माणूस पहिल्या तासाभरातच हरखतो. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी, आत समुद्रमंथनाचे भलेमोठे शिल्प, शहरातल्या रस्त्यांना पहिला राम, चौथा राम अशी राजांची नावे. फक्त टॅक्सीवाल्याच्या तोंडी त्या विमानतळाचे 'सुवन्नफूम' झालेले असते. परतल्यावर गप्पांत मग दोन निष्कर्ष हमखास निघतात: थाई ही संस्कृतचीच लेक, आणि बिचाऱ्यांना आपले उच्चार काही जमत नाहीत. दोन्ही चुकीचे.

थाई भाषा ताय-कदाई कुळातली. लाओ आणि शान तिच्या बहिणी. आसामात राज्य केलेल्या आहोमांची मूळ भाषाही त्याच घरातली. पाच सूर, आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. पाण्याला 'नाम', माशाला 'प्ला', घराला 'बान' म्हणतात. तीनला 'साम' आणि दहाला 'सिप', म्हणजे आकडे चिनीशी जुळणारे. वकील, जमीन, हुकूम वापरल्याने मराठी जशी फारसीची मुलगी होत नाही, तसेच हे. पाली-संस्कृत शब्द थाईत हजारोंनी आहेत, पण ते पाहुणे म्हणून आले आणि घरच्या शिस्तीत राहिले.

ही शिस्त समजली की उच्चारांचे कोडे सुटते. थाई लिपी ख्मेर लिपीमार्गे दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीपर्यंत जाते. त्यामुळे श, ष, स ही तिन्ही अक्षरे तिने जपली आहेत, जरी बोलताना तिन्हींचा 'स'च होतो. शब्दाच्या शेवटी र किंवा ल टिकत नाही, त्याचा न होतो. ग, द, ब यांचे ख, थ, फ होतात. म्हणून नगरचे 'नखोन'. फल, बल आणि वर या तिन्हींचे 'फोन' झाले आहे! फल निदान वेगळ्या सुरात म्हणतात. बल आणि वर मात्र कानाला अगदी एकसारखे, फरक कळतो तो केवळ लेखनावरून. म्हणजे ज्या अवघड स्पेलिंगवर थाई शाळकरी पोरे वैतागतात, तेच शब्दांची ओळखपत्रे सांभाळून आहे.

दिवंगत राजांचे नाव लिहिले जाते भूमिबल अतुल्यतेज. म्हणतात 'फूमिफोन अदुन्यदेत'. इथे एक गंमत आहे. सुवर्णभूमीत शेवटचा इकार गप्प असतो, पण राजांच्या नावात तोच इकार स्पष्ट ऐकू येतो. शब्द एकटा असला किंवा शेवटी आला की त्याचा अंत्य स्वर झोपतो, समासात पुढे दुसरा शब्द आला की जागा होतो. नुसते 'फूम', पण भूगोलाच्या विषयाला 'फूमिसात', म्हणजे भूमिशास्त्र. थाई शाळांत हा नियम व्याकरणाच्या तासाला शिकवतात आणि त्याचे नावही ओळखीचे आहे: 'खम समात', समासशब्द.

भारतीय दिसणारे दोन शब्द शेजारी आले की समास झालाच, हा आणखी एक समज. थाईत मुख्य शब्द आधी आणि विशेषण नंतर, संस्कृत-पालीत उलट. समास ओळखायला थाई मुलांना सांगतात, अर्थ मागून पुढे लावा. 'थनाखान' म्हणजे धनागार, धनाचे आगार. बँकेला हाच शब्द. हा खरा समास. 'रोत योन' म्हणजे मोटार. यातले रथ आणि यंत्र दोन्ही शब्द आपले, पण क्रम थाई: आधी रथ, मग कसला तर यंत्राचा. व्याकरणकार याला समास मानत नाहीत. 'रोत फाय'मध्ये तर रथाला अस्सल थाई 'फाय', म्हणजे आग, जोडली आहे. अर्थ रेल्वे. मराठीत कधीकाळी रूढ असलेली आगगाडी तिकडे गाडीआग होऊन धावते. (नियमाला बंडखोरही आहेत. फळाला 'फोनलमाय' म्हणतात. 'माय' हे झाड शुद्ध थाई, तरी आधीच्या फलचा स्वर समासासारखा जागा राहतो.)

सगळ्यात चिवट गैरसमज वयाचा. हे शब्द प्राचीन व्यापाऱ्यांनी आणि भिक्खूंनी नेले असे आपण धरून चालतो. नगर, राजा, धर्म यांच्याबाबत ते ठीकच. त्यांतलेही पुष्कळ ख्मेरमार्गे पोचले. पण महिन्यांची नावे घ्या. राजा चुलालोंगकोर्न यांच्या काळात, 1889 मध्ये, सयामने सौर दिनदर्शिका स्वीकारली आणि राजपुत्र देववोंग यांनी राशींवरून नावे बांधली. सूर्य मेषेत येतो तो एप्रिल 'मेसायोन', मेष आणि आयन. सिंहेत येतो तो ऑगस्ट 'सिङ्हाखोम', सिंह आणि आगम. तीस दिवसांच्या महिन्याला 'योन', एकतीसच्या महिन्याला 'खोम', आणि फेब्रुवारी तेवढा 'कुम्फाफान', कुंभाला बंध जोडून. महिन्याचे दिवस मोजायला मुठीवरची हाडे चाचपण्याची गरजच नाही! याच मेसायोनात 'सोंगक्रान' येतो, पाणी उडवण्याचा थाई नववर्षाचा सण. ती आपली संक्रांतच, फक्त मकरेची नव्हे, मेषेची.

1932 च्या राज्यक्रांतीनंतर नव्या राजकारणाला नवे शब्द हवे होते. ते पुरवणाऱ्यांत राजपुत्र वान (1891–1976) आघाडीवर होते. हेच गृहस्थ पुढे 1956 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले. धोरणासाठी त्यांनी नय आणि उपाय यांचा संधी करून 'नयोबाय' घडवला. स्वयंचलितसाठी 'अत्तनोमत': पालीत अत्तनो म्हणजे स्वतःचे, त्याला मति जोडली. अर्थ चपखल, आणि कानाला थेट ऑटोमॅटिक. असा शब्द सुचायला विद्वत्तेबरोबर खोडकरपणाही लागतो.

देश बौद्ध, म्हणून शब्द पालीच, असेही काहींना वाटते. एकाच शब्दात दोन्ही भाषा सुखाने नांदतात. राज्यशास्त्राला म्हणतात 'रत्थसात': रट्ठ पाली, शास्त्र संस्कृत. त्याच रट्ठचे संस्कृत रूप राष्ट्र थाईत 'रात्सदोन' झाले, पण अर्थ जनता. 1932 ची क्रांती करणारा पक्षही 'खन रात्सदोन', जनतेचा गण. हे पाली रट्ठ मराठी वाचकाला परके नाही. सिंहलच्या महावंसात जिथे धर्मप्रचारक गेल्याची नोंद आहे, तो प्रदेश महारट्ठच आहे.

अर्थाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. थाई 'महावित्थयालाय' म्हणजे विद्यापीठ. कॉलेजला नुसते 'वित्थयालाय' पुरते. 'सोंगसान' हा संसार लिहून म्हटला जातो, पण रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ कीव येणे. (संसारी वाचकांनी यावर हसावे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.) पदव्यांचा क्रमही उलटा: बीए ती 'त्री', एमए ती 'थो' म्हणजे दोन, आणि डॉक्टरेट ती 'एक'.

नवे शब्द घडवणाऱ्या राजपंडित सभेच्या नावावर खपणारे विनोद तर तिकडेही भरपूर. सॉफ्टवेअरसाठी तिने 'लमुनफान', म्हणजे मऊ भांड, आणि हार्डवेअरसाठी 'क्रदांगफान', म्हणजे टणक भांड, हे शब्द काढल्याचे अनेक थाई लोक छातीठोकपणे सांगतात. सभेने ते कधीच आपले मानले नाहीत. आपल्याकडच्या 'अग्निरथगमनागमन…' या लांबलचक शब्दाच्या जातीचाच हा प्रकार. संगणकासाठी 'खनित्तकोन', म्हणजे गणितकरण, हा शब्द मात्र खराच सुचवला गेला होता. लोकांनी तो बाजूला ठेवून कॉम्प्युटरच घेतला. दूर आणि शब्द मिळून झालेला 'थोरसप', म्हणजे टेलिफोन, मात्र पक्का रुजला. इतका, की घाईत कुणी तो पुरता उच्चारतच नाही. फोन कर म्हणायला 'थो मा' एवढेच पुरते. शब्द गळून गेला आहे, दूर तेवढे उरले आहे.