हलकी लिथियम बॅटरी : स्पोर्ट्स कारला लाभ किती, जोखीम किती

स्पोर्ट्स कारचे वजन घटविण्यासाठी अभियंते ॲल्युमिनियमचे दरवाजे, पातळ काचा, कार्बन तंतूंची आसने असे अनेक उपाय योजतात. मात्र इंजिन सुरू करणारी शिसे-आम्ल बॅटरी दीर्घकाळ या काटछाटीतून सुटली होती. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधून काढलेल्या तत्त्वावरच ती आजही चालते. तिच्या जागी हलकी लिथियम बॅटरी बसविण्याकडे आता अनेक गाडीमालकांचा कल दिसतो. हा बदल करण्यापूर्वी त्यामागील विज्ञान समजून घेणे आवश्यक आहे.

पोर्शेचा प्रयोग

जर्मनीच्या पोर्शे कंपनीने नोव्हेंबर २००९ मध्ये अशा बॅटरीची घोषणा केली. ९११ जीटी३, ९११ जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडर या गाड्यांसाठी २०१० च्या प्रारंभापासून ती पर्याय म्हणून उपलब्ध करून देण्यात आली. तिचे वजन सहा किलोपेक्षा कमी होते. ६० अँपिअर-तास क्षमतेच्या नेहमीच्या बॅटरीच्या तुलनेत दहा किलोंहून अधिक वजन वाचत होते. जर्मनीतील किंमत मात्र १,९०४ युरो होती.

नव्या बॅटरीची लांबी-रुंदी जुन्या बॅटरीइतकीच ठेवण्यात आली होती. त्यामुळे ती त्याच जागी, त्याच पकडीत बसत असे. विशेष म्हणजे गाडीसोबत नेहमीची शिशाची बॅटरीही देण्यात येत होती. कडाक्याच्या थंडीत लिथियम बॅटरी काढून जुनी बसवावी, असा त्यामागील हेतू होता. या एका तरतुदीतच नव्या बॅटरीचे बळ आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

वजन कशामुळे घटते?

लिथियम हा अतिशय हलका धातू असल्याने बॅटरी हलकी होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पोर्शेच्या बॅटरीची क्षमता १८ अँपिअर-तास होती. १२.८ व्होल्ट दाबाचा विचार करता तिच्यात सुमारे २३० वॅट-तास ऊर्जा साठत असे. ६० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीत नाममात्र ७२० वॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे वजन जवळजवळ एक तृतीयांश झाले, तसा साठाही एक तृतीयांशच झाला.

मग इंजिन सुरू कसे होते? इंजिन फिरविण्यासाठी मोठा साठा लागत नाही; काही क्षणांपुरता शेकडो अँपिअरचा प्रवाह लागतो. शिशाच्या लहान बॅटरीतून एवढा प्रवाह घेतल्यास तिचा दाब झपाट्याने खाली येतो, म्हणून ती मोठी ठेवावी लागते. योग्य बांधणीची लिथियम बॅटरी लहान आकारातही हा प्रवाह देऊ शकते. थोडक्यात, मालक इंजिन सुरू करण्याची ताकद कायम ठेवतो आणि राखीव साठा सोडून देतो.

उभ्या गाडीचा प्रश्न

हा राखीव साठा कधी लागतो? गाडी उभी असताना. चोरीची सूचना देणारी यंत्रणा, दूरनियंत्रित कुलूप, घड्याळ यांना सतत थोडा प्रवाह लागतो. तो ३० मिलिअँपिअर धरल्यास दिवसाला ०.७२ अँपिअर-तास खर्च होतात. या हिशेबाने १८ अँपिअर-तासांची पूर्ण भारित बॅटरी २५ दिवसांत रिकामी होईल. ६० अँपिअर-तासांचा साठा ८३ दिवस पुरेल. प्रत्यक्षात इंजिन सुरू होणे त्याआधीच बंद होते. स्पोर्ट्स कार अनेकदा आठवडेच्या आठवडे उभी असते, हे येथे विसरता येत नाही.

पूर्ण रिकाम्या झालेल्या लिथियम घटांना कायमची इजा होऊ शकते. यासाठी चांगल्या बॅटरीत नियंत्रक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते व ती वेळीच प्रवाह तोडते. शिवाय या बॅटरीचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो. त्यामुळे केवळ व्होल्टमीटर पाहून किती भार शिल्लक आहे, याचा अंदाज बांधणे कठीण असते.

सुरक्षितता आणि तापमान

सर्व लिथियम बॅटऱ्या एकसारख्या नसतात. जानेवारी २०१३ मध्ये बॅटऱ्यांच्या दुर्घटनांमुळे बोइंग ७८७ विमाने जमिनीवर ठेवावी लागली. त्या बॅटऱ्यांत लिथियम कोबाल्ट ऑक्साइड वापरलेले होते. मोटारींच्या स्टार्टर बॅटऱ्यांत सहसा लिथियम आयर्न फॉस्फेट असते. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९० च्या दशकात पुढे आणलेला हा पदार्थ उष्णतेला अधिक स्थिर आहे. गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या पदार्थाचा प्रत्येक घट ३.२ व्होल्टचा असल्याने चार घटांत १२.८ व्होल्ट मिळतात व मोटारीच्या विद्युत यंत्रणेशी मेळ बसतो.

तरीही थंडीत ही बॅटरी मंदावते. शून्य अंशाखाली ती भारित केल्यास ऋण अग्रावर धातुरूप लिथियम साचून घट बिघडू शकतात. दुसरीकडे, इंजिनाच्या सततच्या उष्णतेनेही तिचे आयुष्य घटते. त्यामुळे लेहमधील हिवाळा आणि नागपूरचा उन्हाळा या दोन्हींचा विचार बॅटरीची जागा ठरविताना करावा लागेल.

बदल करण्यापूर्वी

अल्टरनेटरचा भारण-दाब बॅटरी उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत आहे, याची खात्री करून घ्यावी. शिशाच्या बॅटरीतील सल्फेट काढण्यासाठी उच्च दाबाचे झटके देणारा चार्जर लिथियम बॅटरीला कधीही जोडू नये. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर योग्य चार्जर लावावा किंवा बॅटरीची जोडणी सोडवून ठेवावी. निकामी बॅटरी शिशाच्या भंगारात टाकू नये. शिसे वितळविण्याच्या भट्टीत तिचा स्फोट होऊ शकतो. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्यावर पुनर्प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

बॉक्स्टर स्पायडरचे वजन १,२७५ किलो होते. त्यातून दहा किलो वाचणे म्हणजे एक टक्क्याहूनही कमी घट. शर्यतीच्या मार्गावर, जिथे सेकंदाच्या अंशाला किंमत असते, तिथे ही घट मोलाची ठरते. शहरात अधूनमधून बाहेर पडणाऱ्या गाडीच्या मालकाने मात्र वाचलेले किलो आणि गमावलेला साठा दोन्ही तराजूत घालूनच निर्णय घेणे हिताचे ठरेल.