ताई-ची : संथपणाची तालीम

(द्वितीय वर्ष, कला)

'ताई-ची' हे नाव ऐकून आमच्या आजीने "कोणत्या ताईची गं?" असे विचारले होते. वाचकांपैकीही काहींना तसेच वाटेल, म्हणून आधी नावाचा उलगडा करते. पूर्ण नाव 'ताई-ची-चुआन'. 'ताई-ची' म्हणजे यिन आणि यांग या परस्परपूरक तत्त्वांना पोटात घेणारे परमतत्त्व. 'चुआन' म्हणजे मूठ. आज बागेत वृद्ध मंडळी करताना दिसतात तो हा संथ व्यायाम मुळात लढण्याची विद्या आहे.

चीनच्या हेनान प्रांतातील चेनजियागौ या खेड्यात चेन घराण्याने ही विद्या जोपासली. यांग लुचान (१७९९-१८७२) हा बाहेरचा शिष्य तेथे शिकला आणि पुढे बीजिंगमध्ये शिकवू लागला. १९५६ साली चीनच्या शासकीय क्रीडा आयोगाने सामान्य लोकांसाठी २४ हालचालींचा सोपा क्रम तयार केला. नवशिक्यांना बहुधा तोच शिकवतात. २०२० साली युनेस्कोने या विद्येचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

यंदा आमच्या जिमखान्यात सरांनी हा क्रम शिकवावयास घेतला. पहिला धडा केवळ उभे राहण्याचा! गुडघे किंचित वाकलेले, पाठ सरळ, खांदे सैल. दुसरा धडा भाराचा. एक पाय 'भरलेला', दुसरा 'रिकामा'. रिकामा पाय पुढे टाकावयाचा, टाच टेकवावयाची आणि मगच एका हंड्यातले पाणी दुसऱ्यात ओतावे तसा भार हळूहळू पुढे न्यावयाचा. हात स्वतंत्रपणे हलवावयाचे नाहीत. कंबर वळते, तिच्यामागून हात जातात. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ द्यावयाचा नाही. हालचालींची नावे मात्र मोठी काव्यमय : 'ढगांसारखे हात', 'पांढरा क्रौंच पंख पसरतो'.

हे सोपे वाटते, पण दहा मिनिटांत मांड्या थरथरू लागतात. असे का व्हावे? स्नेहसंमेलनातील स्लो सायकलिंगची शर्यत आठवा. वेग असला की सायकल आपोआप तोलली जाते. वेग काढून घेतला की खरा तोल कळतो. शरीराचेही तसेच आहे.

माझे वडील बाजारात हमाली करतात. "दिवसभर पोती वाहणाऱ्याला कसला व्यायाम?" असे ते म्हणाले. पण भाराचा नियम मी सांगताच ते हसले. "पोतं घेऊन फळीवर चढताना पुढचा पाय बसल्याशिवाय त्याच्यावर भार द्यायचा नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशीच सांगतात." चिनी गुरूंचा धडा आमच्या घरात आधीपासूनच होता तर!

आजी गेल्या वर्षी उंबऱ्यात पडली. तेव्हापासून तिने अंगणात जाणेच सोडले होते. ताई-चीने तोल सुधारतो, असे अनेक वैद्यकीय पाहण्यांत आढळले आहे. २०१२ साली अमेरिकेत कंपवाताच्या १९५ रुग्णांवर झालेल्या पाहणीतही तसेच दिसले. हे औषध नव्हे, आणि डॉक्टरांना विचारूनच मी आजीला भिंतीला धरून भरला-रिकामा पाय शिकवला. तीन महिने ती रोज पाच मिनिटे करते.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. "तिथं शिकून घरी काय आणतेस?" असे शेजारी विचारतात. सध्या एवढेच सांगते : आजी चौकटीला हात लावून, पण माझा हात न मागता, अंगणात जाते.