जोडीदाराचा व्हिसा: सोबत राहण्याची मुभा आणि नोकरीचा हक्क

नोकरीसाठी परदेशी गेलेल्या कर्मचाऱ्याच्या पतीला किंवा पत्नीला त्याच्यासोबत राहता यावे, म्हणून बहुतेक देश वेगळा व्हिसा देतात. पुण्याच्या हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या आयटी कंपन्यांत त्याला सरसकट ‘डिपेंडंट’ म्हणतात. कर्मचाऱ्याचा परवाना पक्का, लग्न कायदेशीर आणि पगार पुरेसा असला, की हा व्हिसा सहसा मिळतो. खरी अडचण त्यानंतर येते. पुण्यातल्या अशा घरांमध्ये बहुधा दोघेही कमावते असतात, आणि दुसऱ्याला तिथे नोकरी करता येईल की नाही, हे पहिल्याच्या परवान्याचा प्रवर्ग ठरवतो. परदेशी नेमणुकीचे, म्हणजे ‘ऑनसाइट’चे पत्र आले की पगार, घरभाडे, विमा यांची कसून चौकशी होते. प्रवर्गाची चौकशी त्याहून आधी व्हायला हवी, कारण एका माणसाची पाच-सहा वर्षांची कारकीर्द तिच्यावर अवलंबून असते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेचे. तिथे जाण्याचे दोन नेहमीचे मार्ग आहेत. एच-१बी व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-४ मिळतो, तर त्याच कंपनीच्या अमेरिकी शाखेत बदली होऊन एल-१ व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला एल-२. दोघांचा पगार सारखा असेल, कार्यालयही एकच असेल, पण घरातले चित्र अगदी निराळे. एल-२ व्हिसावरच्या पती-पत्नीला नोव्हेंबर २०२१ पासून स्वतंत्र परवान्याविना नोकरी करता येते. अमेरिकेत उतरल्यावर मिळणाऱ्या आय-९४ नोंदीत ‘एल-२एस’ असा शिक्का असला, की तोच पुरावा. ही नोंद उतरल्या दिवशीच तपासून घ्यावी. चुकून नुसते ‘एल-२’ लिहिले गेले असेल, तर नोकरी देणारी कंपनी अडून बसते.

एच-४ची गोष्ट वेगळी. २६ मे २०१५ पासून एच-४ व्हिसावरच्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला, पण तो सर्वांसाठी नाही. एच-१बीधारकाचा ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला असावा किंवा ग्रीन कार्डाची प्रक्रिया चालू असल्यामुळे त्याचा एच-१बी सहा वर्षांच्या मर्यादेपुढे वाढवलेला असावा. आय-१४० अर्ज कंपनी करते, जोडीदार नाही. कंपनी तो कधी करणार, हे नियुक्तीपत्रात बहुधा नसते. त्यामुळे पहिली काही वर्षे घरी बसण्यात जातात, आणि एच-४वर गेलेल्या भारतीयांमध्ये बहुसंख्य स्त्रिया असल्याने हा खंड प्रामुख्याने त्यांच्याच वाट्याला येतो. बदली एल-१वर होणे शक्य आहे का, आणि एच-१बी असल्यास आय-१४० कधी दाखल होईल, हे दोन प्रश्न होकार कळवण्याआधी लेखी विचारणे पूर्णपणे रास्त आहे. एल-१चीही एक उणीव ध्यानात ठेवावी: विशेष ज्ञानाच्या प्रवर्गात त्याची कमाल मुदत पाच वर्षे असते, व्यवस्थापकांसाठी सात. व्हिसासाठी पुणेकरांना मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात जावे लागते. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूट बहुतेकांसाठी बंद झाली आहे.

जर्मनीने हा प्रश्न बराच सोपा केला आहे. तिथल्या निवास कायद्यानुसार कुटुंबासोबत राहण्यासाठी मिळणारा परवाना हाच कामाचाही परवाना असतो. ‘ब्लू कार्ड’ या उच्चकुशलांसाठीच्या परवान्याच्या धारकाच्या जोडीदाराला जर्मन भाषेच्या परीक्षेतूनही सूट आहे. जर्मन नागरिकाशी लग्न केलेल्याला मात्र ए-१ पातळीचे प्रमाणपत्र सहसा द्यावेच लागते. सूट असली तरी भाषा शिकून जाणेच शहाणपणाचे. नोकरीचा हक्क कायदा देतो, पण दवाखाने, शाळा आणि लहान शहरांतल्या कंपन्या जर्मन भाषेतच चालतात. पुण्यात बोट क्लब रोडवरचे मॅक्सम्युलर भवन आणि फर्ग्युसन रस्त्यावरची रानडे इन्स्टिट्यूट ही दोन्ही ठिकाणे त्यासाठी हाताशी आहेत. व्हिसाच्या तारखेची वाट पाहण्याचे महिने तिथे सत्कारणी लागतात.

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसाधारकाच्या जोडीदाराला जवळपास कोणतीही नोकरी करता येते. मात्र कुटुंब कोणाला नेता येईल, याचे दार अरुंद होत चालले आहे. ११ मार्च २०२४ पासून नव्याने जाणाऱ्या केअर वर्कर्सना आणि २२ जुलै २०२५ पासून पदवीपेक्षा खालच्या पातळीच्या बहुतेक नोकऱ्यांवर नव्याने जाणाऱ्यांना ही सोय उरलेली नाही. आयटी अभियंत्यांना त्याची झळ बसलेली नाही. त्यांना जाणवतो तो खर्च: आरोग्य अधिभार माणशी वर्षाला १,०३५ पौंड, तोही पूर्ण मुदतीचा आगाऊ. तीन वर्षांच्या व्हिसासाठी जोडीदाराचे एकट्याचे ३,१०५ पौंड होतात. ही रक्कम कंपनी भरणार की कर्मचारी, हे आधीच ठरवून घ्यावे.

कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचा खुला कामाचा परवाना वरच्या कौशल्यश्रेणीतल्या आणि काही निवडक व्यवसायांतल्या कर्मचाऱ्यांपुरता मर्यादित केला. शिवाय अर्जाच्या वेळी कर्मचाऱ्याच्या परवान्याचे किमान १६ महिने शिल्लक लागतात. सिंगापूरचा डिपेंडंट पास कर्मचाऱ्याचा निश्चित मासिक पगार किमान ६,००० सिंगापूर डॉलर असल्यास मिळतो, पण मे २०२१ पासून नोकरीसाठी जोडीदाराला स्वतःचा वर्क पास काढावा लागतो. जपानमध्ये परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासच काम करता येते. नेदरलँड्समध्ये उच्चकुशल स्थलांतरिताच्या जोडीदारावर कामाची बंधने नाहीत. दुबईत कुटुंब नेण्यासाठी मासिक ४,००० दिरहॅम पगार किंवा ३,००० दिरहॅम आणि राहण्याची सोय, एवढे पुरते.

कागदपत्रांत सर्वांत जास्त वेळ जातो तो विवाह नोंदणीच्या दाखल्यात. मंगल कार्यालयात थाटात लागलेले लग्न आणि पत्रिका यांचा व्हिसासाठी दाखला म्हणून उपयोग नाही. १९९८च्या महाराष्ट्र विवाह नोंदणी कायद्याखाली महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात तीन साक्षीदारांसह नोंद करावी लागते. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांनी ३० दिवसांच्या नोटिशीचा काळ हिशेबात धरावा. अनेक देशांसाठी हा दाखला राज्य पातळीवर प्रमाणित करून त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणन, घ्यावे लागते. संयुक्त अरब अमिराती अपॉस्टिल करारात नाही, म्हणून तिथे जाण्यासाठी अमिरातीच्या दूतावासाचे साक्षांकन लागते.

मराठी घरांत इथे आणखी एक पेच पडतो. नावाच्या मध्ये वडिलांचे नाव लावायची आपली रीत. लग्नानंतर तिथे पतीचे नाव येते आणि आडनावही बदलते. पदवी, अनुभवपत्र आणि जुना पासपोर्ट माहेरच्या नावाने, आधार आणि नवा पासपोर्ट सासरच्या नावाने, असे झाले की पुढे पदवीची समकक्षता तपासणारी परदेशी संस्थाही विचारणा करते. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही. परदेशात नोकरी करू इच्छिणाऱ्या स्त्रीने जन्मनाव तसेच ठेवणे सर्वांत सोयीचे. बदलायचेच असेल, तर राजपत्रातली नोंद सोबत ठेवावी.

लग्न न केलेल्या जोडप्यांना अमेरिका आणि जर्मनी असा व्हिसा देत नाहीत. ब्रिटन किमान दोन वर्षांचे विवाहसदृश नाते मान्य करतो, ऑस्ट्रेलिया साधारण एक वर्षाचे सहजीवन पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता नाकारल्यामुळे अशा भारतीय जोडप्यांना ब्रिटनसारख्या देशांचा किंवा परदेशात कायदेशीर विवाह करण्याचाच मार्ग उरतो.

डिपेंडंट व्हिसा मूळ परवान्याला बांधलेला असतो, हे विसरून चालत नाही. एच-१बीधारकाची नोकरी गेली, तर ६० दिवसांपर्यंतची सवलत दोघांनाही मिळते. लग्न मोडले, तर जोडीदाराचा राहण्याचा आधारच जातो. जर्मनीत तीन वर्षांच्या सहजीवनानंतर स्वतंत्र निवासाचा हक्क मिळू शकतो, आणि छळ झाला असल्यास त्याआधीही. अमेरिकेत मारहाण सोसणाऱ्या एच-४धारकाला कामाच्या परवान्यासाठी वेगळा अर्ज करता येतो. परदेशात सोडून दिलेल्या पत्नींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष आहे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पासपोर्ट, विवाह दाखला आणि व्हिसाच्या प्रती जोडीदाराकडे आणि पुण्यातल्या माहेरी, दोन्हीकडे ठेवलेल्या असतील, तर ही तक्रार त्याच दिवशी करता येते.