लवंगेचे तेल : गुण मोठे, थेंब मोजके

बिर्याणी असो वा यखनी, चार लवंगा पडल्याशिवाय आपल्याला ती पुरी वाटत नाही. हा सुगंध तिच्यातील तेलाचा. लवंग म्हणजे न उमललेली कळी. तिचे मूळ घर इंडोनेशियातील मालुकू बेटे. एकोणिसाव्या शतकात ओमानचे सुलतान सय्यद सईद यांच्या अमदानीत झांझिबार आणि पेंबा बेटांवरही तिची मोठी लागवड झाली.

कळी लालसर होताच खुडतात आणि उन्हात वाळवतात. मग बंद भांड्यात तिच्यातून वाफ सोडतात. तेल वाफेसोबत निघते, थंड नळीतून जाताना पाणी व तेल वेगळे होते. अत्तरांसाठी हीच ऊर्ध्वपातनाची रीत नवव्या शतकात अल्-किंदी यांनी आपल्या ग्रंथात लिहून ठेवली. लवंगेचे तेल पाण्याहून जड, म्हणून ते तळाशी बसते. शंभर किलो सुक्या लवंगेतून साधारण १५ ते २० किलो तेल मिळते. पानांतूनही तेल काढतात. ते स्वस्त, पण त्याचा वास कळीच्या तेलाइतका गोड नसतो.

या तेलात सर्वाधिक वाटा युजेनॉलचा. ते जागा बधिर करते, जंतूंना आवर घालते. दंतवैद्य ते झिंक ऑक्साइडमध्ये मिसळून तात्पुरते सिमेंट करतात. म्हणून दाढ दुखली की कापसावर एखादा थेंब घेऊन लावल्यास आराम पडतो. मात्र कीड तशीच राहते, दवाखाना टळत नाही. निव्वळ तेल हिरडीला भाजते. लहान मुलांच्या हिरड्यांना ते लावू नये. एक-दोन चमचे तेल पोटात गेल्याने लहानग्यांचे यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ आल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. बाटली काचेची, घट्ट बुचाची आणि मुलांच्या हाती न लागेल अशा जागी हवी.

बाजारात तेल काढून घेतलेली लवंगही अस्सल म्हणून विकली जाते. चार लवंगा पाण्यात टाका. चांगली बुडते, सत्त्व गेलेली तरंगते. सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना सक्त इशारा आहे. वजन पुरे देऊन सत्त्व काढून घेणे हीसुद्धा मापातली चोरीच, असे आम्हाला वाटते. विकणाऱ्याने इमान राखावे आणि घेणाऱ्याने पारख.