विश्लेषण : अल्झायमरचे प्रथिन रक्तातून मेंदूत जाते का?

प्लेटलेट हा शब्द घरोघरी पोहोचला तो डेंग्यूमुळे. जखमेतून वाहणारे रक्त थांबवणाऱ्या याच कणांचा अल्झायमरशी काही संबंध आहे का, हे संशोधक अनेक वर्षे तपासत आहेत. कारण अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साचणारे 'अमायलॉइड बीटा' केवळ मेंदूतच तयार होत नाही. रक्तात फिरणाऱ्या अमायलॉइडचा मोठा स्रोत प्लेटलेट आहेत.

हे प्रथिन बनते कसे?

एपीपी नावाचे मोठे प्रथिन शरीरातील अनेक पेशींच्या आवरणात असते. दोन एन्झाइम ते दोन ठिकाणी कापतात आणि मधला तुकडा सुटतो, तो अमायलॉइड बीटा. एपीपीचे जनुक २१व्या गुणसूत्रावर असते. डाउन सिंड्रोममध्ये या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात, त्यामुळे अशा व्यक्तींना अल्झायमर लवकर गाठतो.

येथे एक बारकावा आहे. मेंदूतील साठ्यांत प्रामुख्याने ४२ अमिनो आम्लांचा, चटकन गुठळी धरणारा तुकडा सापडतो. प्लेटलेटमधून बाहेर पडणारा तुकडा बहुतांशी ४० अमिनो आम्लांचा असतो. त्यामुळे 'रक्तातले तेच मेंदूत साचते' असे सरळ म्हणता येत नाही.

जोडलेल्या उंदरांचा प्रयोग

चीन आणि कॅनडातील संशोधकांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात सर्वाधिक गाजला. त्यांनी दोन उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडले, म्हणजे दोघांचे रक्ताभिसरण एक केले. एका उंदरात अल्झायमरशी निगडित, बदल झालेली मानवी जनुके होती, दुसरा निरोगी. वर्षभरानंतर निरोगी उंदराच्या मेंदूतही अमायलॉइडचे साठे दिसले. एरवी उंदरांत ते आपोआप होत नाहीत. म्हणजे प्रथिन रक्तातून मेंदूत शिरू शकते, एवढे दिसले. मात्र ते प्लेटलेटमधून आले, हे यातून सिद्ध होत नाही. आजारी उंदराच्या मेंदूतही ते भरपूर बनत होतेच. शिवाय माणसाचे आयुष्य काही अशा जोडीत जात नाही.

मग रक्त घेणे धोक्याचे?

स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये रक्त घेतलेल्या सुमारे साडेचौदा लाख रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या दात्यांना पुढे अल्झायमर झाला, त्यांचे रक्त मिळालेल्यांत या आजाराचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. गरज असताना या भीतीपोटी रक्त नाकारणे हाच मोठा धोका ठरेल.

तपासणी कोणासाठी?

अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २०२५मध्ये अल्झायमरशी संबंधित पहिल्या रक्तचाचणीला मंजुरी दिली. तिच्यात प्लाझ्मामधील पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड बीटा ४२ यांचे गुणोत्तर मोजतात. ही चाचणी ५५ वर्षांवरील, लक्षणे दिसू लागलेल्या व्यक्तींसाठी आहे. आजी चष्मा कुठे ठेवला ते विसरली, म्हणून परस्पर करून घेण्याची ती नाही. निष्कर्ष इतर तपासण्यांसोबत डॉक्टरांनीच लावायचा असतो.