शिपाई घरीं येतो तेव्हां



फौजेंतला मुलगा सुखरूप परत आला म्हणजे पेढे वांटले जातात, देवापुढें निरांजन लागतें, आणि आपली काळजी मिटली असें घरच्यांस वाटतें. माझें आजचें सांगणें इतकेंच कीं, काळजीचा एक भाग त्याच दिवशीं सुरू होतो.

माझा एक विद्यार्थी अठरा वर्षांच्या नोकरीनंतर हवालदार म्हणून निवृत्त झाला. वय अवघें अडतीस. दिवाळींत फटाके वाजूं लागले कीं तो आंतल्या खोलींत दार लावून बसे. रात्रीं दोनदोनदां उठून कडी तपासून पाही. मुलाला शाळेंतून यावयास थोडा उशीर झाला तर संतापे. त्याची पत्नी माझ्याकडे आली. मीं त्याला बोलावून मास्तरी थाटांत सांगितलें, “झालें गेलें विसरून जा.” तो “होय, गुरुजी” म्हणाला, आणि त्यानंतर वर्षभर माझ्या दारीं फिरकला नाहीं.

माझा उपदेश किती चुकीचा होता, हें मला पुढें वाचनांतून कळलें. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, चार्ल्स मायर्स यांनीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत ‘शेल-शॉक’ हें नांव छापून आणलें. तोफगोळ्याच्या हादऱ्यानें मेंदूला इजा होत असावी, अशी तेव्हां समजूत होती. परंतु गोळा जवळ न पडलेल्यांसही तोच विकार जडलेला दिसूं लागला. एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयांत विल्यम रिव्हर्स हे अशा अधिकाऱ्यांवर उपचार करीत. “विसरा” या उपदेशानेंच रोग बळावतो, असें त्यांनीं १९१७ च्या डिसेंबरांत लंडनच्या वैद्यांपुढें मांडलें. त्यांच्या एका रुग्णाचा मित्र स्फोटांत छिन्नविच्छिन्न झाला होता, आणि तें दृश्य रोज स्वप्नांत येई. रिव्हर्स यांनीं त्याला त्याविषयीं बोलतें केलें, आणि मित्राला क्षणांत मरण आलें, यातना झाल्या नाहींत, हें दाखवून दिलें. तेव्हांपासून त्याच्या स्वप्नांतली भीति ओसरली. तरीही या विकारास आजचें शास्त्रीय नांव मिळावयास, व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० साल उजाडावें लागलें.

जखमी शिपायांस धंदेशिक्षण देण्यासाठीं १९१७ सालीं निघालेली क्वीन मेरी संस्था पुण्याजवळ खडकीस आहे. तुटलेला पाय सर्वांस दिसतो. मनाची जखम दिसत नाहीं, म्हणून तिला तऱ्हेवाईकपणा म्हणतात.

वस्तुतः त्यांत तऱ्हेवाईक कांहीं नाहीं. सीमेवर ज्या सावधपणानें जीव वांचला, तोच घरीं अनावश्यक होतो; परंतु शरीराला तें ठाऊक नसतें. त्यांतच भर म्हणजे पलटणींत घटका न् घटका ठरलेली, सोबती ठरलेले, मान ठरलेला. येथें बँकेच्या रांगेंत त्याला कोणी ओळखतही नाहीं.

मग घरच्यांनीं काय करावें? खोदून विचारूं नये. पण तो बोलूं लागला तर मध्यें उपदेश करूं नये. त्याला खरें, नित्याचें काम द्यावें. जुन्या सोबत्यांस भेटूं द्यावें. झोप महिनोन् महिने उडाली, दारू वाढली, किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखविला, तर तें थट्टेवारी नेऊं नये. त्याला एकटें न सोडतां मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावें. बोलण्याच्या उपचारांनीं व औषधांनीं पुष्कळांस उतार पडतो. १९१७ सालीं नव्हती अशी एक सोय आज आहे. २०२२ च्या ऑक्टोबरांत सरकारनें ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनि-सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडेही जाण्यांत संकोच नसावा.

शेवटीं मीं स्वतःच त्या विद्यार्थ्याच्या घरीं गेलों. “त्या दिवशीं मला चुकीचें सांगितलें गेलें, तें मीं सांगितलें,” एवढेंच म्हणालों व गप्प बसलों. बऱ्याच वेळानें त्यानें आपल्या एका सोबत्याचें नांव घेतलें. तें नांव त्याच्या पत्नीनेंही त्या दिवशीं प्रथमच ऐकलें. आतां तो डॉक्टरांकडे जातो. फटाक्यांचा त्रास अजून आहे. पण गेल्या दिवाळींत दार आंतून लावलेलें नव्हतें, आणि मुलगा त्याच्याजवळ बसला होता.